आसनाची उंची एकोणतीस इंच

वास्तविक त्या दिवशी पडले ते त्रुटीसाहेब नव्हेत. पडली ती मोटरसायकल. ते केवळ त्या वेळी तिच्यावर बसलेले होते. हा फरक साहेब पुढे वर्षभर सगळ्यांना समजावून सांगत होते, पण लोकांना फरक समजून घ्यायचाच नसतो, लोकांना फक्त हसायचं असतं.

घडलं ते असं. पाणीपुरवठा कचेरीसमोरच्या चौकात लाल दिवा लागला. साहेबांनी कायद्याला मान देऊन गाडी थांबवली आणि डावा पाय खाली टेकवायला नेला, तर जमीन नव्हती. म्हणजे जमीन होती, पण जिथे असायला हवी तिथे नव्हती, जरा खाली होती. तिला शोधत पाय गेला, पायामागून साहेब गेले आणि साहेबांमागून गाडी आली. त्या क्षणी कचेरीच्या तिन्ही मजल्यांवरच्या खिडक्या माणसांनी भरून गेल्या. काउंटरसमोर अर्जदार तासभर उभा असला तरी ज्यांची मान वर होत नाही, ते सगळे माना लांब करून बघत होते. शिपायाने तर डबा हातात घेऊन बघितलं. साहेब उठले, त्यांनी पँट झटकली आणि शांतपणे सांगितलं, "रस्त्याला उतार आहे." उतार नव्हता. तो चौक इतका सपाट होता की पाऊस पडल्यावर पाण्यालासुद्धा कुठे जावं ते समजत नसे.

त्रुटीसाहेब हे अर्थातच त्यांचं नाव नव्हतं. नळजोडणी विभागात एकतीस वर्षं बसून त्यांनी आलेल्या प्रत्येक अर्जावर लाल शाईने 'त्रुटी' हा शब्द लिहिला होता आणि खाली त्या क्रमाने मांडल्या होत्या. सख्ख्या चुलतभावाचा अर्ज त्यांनी तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा चुलतभावाने विहीर खणली.

आता उंचीचं. साहेबांच्या मते ते मध्यम उंचीचे होते आणि त्यांची बायको जरा उंच होती. लग्नाच्या फोटोत दोघं बरोबरीला दिसतात, पण साहेबांच्या पायाखाली एक टोपली उलटी घातलेली आहे. ती फोटोग्राफरने घातली, प्रकाशासाठी. निदान साहेबांना त्याने तसं सांगितलं होतं, आणि जाणकार माणसाच्या कामात साहेब कधी ढवळाढवळ करत नसत.

पडण्याच्या घटनेनंतरच्या रविवारी मेहुणा जेवायला आला. हा बायकोचा धाकटा भाऊ, दारातून येताना चौकटीला नमस्कार करत येणारा. त्याने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "भावजी, तुम्ही एखादी छोटी स्कूटर का घेत नाही? पाय तरी टेकतील."

साहेबांनी हातातला घास ताटात ठेवला. "प्रश्न पायांचा नाही," ते म्हणाले. "प्रश्न गाड्यांचा आहे. कंपन्या गाड्या बनवतात त्या ताडमाड लोकांसाठी. सामान्य माणसाचं माप घेतोय कोण?"

"मग तुम्हीच बनवा एखादी, तुमच्या मापाची," मेहुणा हसत म्हणाला. "पण भावजी, तिच्यावर शेरा मारून भागायचं नाही हं. ती चालवावी लागते."

हे वाक्य साहेबांना लागलं. एकतीस वर्षांत दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारण्यापलीकडे आपण स्वतःच्या हातांनी काही उभं केलेलं नाही, ही गोष्ट त्यांनाही अधूनमधून टोचत असे, पण ती मेहुण्याने बोलून दाखवायची काय गरज होती? ते ताटावरून उठले आणि उभ्यानेच जाहीर करून बसले. "पुढच्या वर्षी माझी निवृत्ती आहे. शेवटच्या दिवशी मी स्वतः बनवलेल्या, माझ्या मापाच्या मोटरसायकलवरून कचेरीत जाईन. त्याच चौकातून. आणि दोन्ही पाय टेकवून उभा राहीन. टाचांसकट!"

बायकोने फक्त भावाकडे एकदा पाहिलं, आणि त्या पाहण्यानंतर मेहुण्याने दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

सोमवारी ही प्रतिज्ञा कचेरीभर झाली. शिपायाने ती तिन्ही मजल्यांवर पोचवली. आता माघार नव्हती.

काम पद्धतशीर व्हायला हवं, आणि मापाची वस्तू बनवायची तर आधी माप हवं. साहेब थेट शिंप्याकडे गेले. हे शिंपी त्यांच्याच इमारतीखालच्या गाळ्यात बसत. तीस वर्षं साहेबांच्या पँटी तेच शिवत आणि त्यांतली एकही कधी मापाला चुकली नव्हती. जगात साहेबांनी ज्याच्या कामात त्रुटी काढली नाही असा हा एकमेव माणूस.

"पायाचं माप द्या," साहेब म्हणाले. "जांघेपासून टाचेपर्यंत. लेखी."

"पँट टाकायची का?"

"मोटरसायकल."

शिंप्याच्या गळ्यातली टेप जागच्या जागी थांबली. "म्हणजे साहेब... त्यासाठी अगदी खरं माप लिहू का?"

"म्हणजे काय? आजवर खोटं लिहीत होतात?"

"छे छे! तसं नाही!" शिंपी घाईघाईने म्हणाले. "नेहमीचंच लिहितो की." त्यांनी टेप लावल्यासारखी केली आणि वहीचा कागद फाडून त्यावर लिहिलं, एकोणतीस. साहेबांनी त्यावर त्यांची सही घेतली, दुकानाचा शिक्का मारून घेतला आणि दोन प्रती काढून एक फाइलला लावली.

घर तळमजल्यावर होतं. मागच्या गॅलरीत बायकोचं शिवणयंत्र असे, ते आत गेलं आणि तिथे गाडीचा संसार मांडला गेला. भंगारवाल्याकडून एक इंजिन आलं. ते कोणत्या गाडीचं होतं याबद्दल भंगारवाला आणि वेल्डर यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. टाकी आली ती दुसऱ्याच जातीच्या गाडीची. हँडल इतकं रुंद निघालं की ते धरलं की माणूस कुणाला तरी कवेत घ्यायला निघाल्यासारखा वाटे. साहेबांनी सहा महिने रोज संध्याकाळी कचेरीतून येऊन, बाह्या सरसावून, स्वतःच्या हातांनी गंज घासला, नटबोल्ट बसवले, दोनदा अंगठा चेचून घेतला आणि त्याबद्दल इंजिनाला सुनावलं. सांगाडा जोडायला मात्र वेल्डर बोलवावा लागला. हा मितभाषी माणूस. डोळ्यांवर काळी काच लावून तो ठिणग्या उडवी आणि काच वर करून एवढंच विचारी, "साहेब, सीटची उंची?" साहेब फाइल उघडत, शिक्का दाखवत आणि म्हणत, "एकोणतीस." वेल्डर साहेबांच्या पायांकडे एकदा बघे, पुन्हा शिक्क्याकडे बघे आणि काच खाली ओढे.

सल्ल्याला तोटा नव्हता. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर सोसायटीचे चेअरमन होते. ते स्वतःची खुर्ची घेऊन येत, गॅलरीच्या दारात बसत आणि प्रत्येक बोल्ट आवळला की "अजून अर्धा फेरा" म्हणत. त्यांनी जन्मात कधी दुचाकी चालवली नव्हती. "पण भूमिती शिकवली आहे," असं ते म्हणत. एकदा त्यांनी साहेबांना दोन चाकांच्या मध्यबिंदूंतून जाणारी रेषा पाटीवर काढून दाखवली. त्या नादात साहेबांनी मागचं चाक उलटं बसवलं.

मग शेजारच्या दातांच्या डॉक्टरीण आल्या. त्यांचं म्हणणं रास्त होतं, हे साहेबांनी मनातल्या मनातसुद्धा मान्य केलं नाही. गॅलरीत ग्राइंडर सुरू झाला की त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसलेले पेशंट एकमेकांकडे बघत आणि उठून जात. आवाज आतून येतोय अशीच सगळ्यांची समजूत. "कालचे एक गृहस्थ तर कवळी टेबलावर ठेवून पळाले," डॉक्टरीण म्हणाल्या.

चेअरमन या नात्याने हेडमास्तरांनी साहेबांकडे लेखी अर्ज मागितला. साहेबांनी आयुष्यात प्रथमच अर्ज केला, आणि दुसऱ्या दिवशी तो परत आला. हेडमास्तरांनी तो लाल पेन्सिलने तपासला होता. समासात दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'अक्षर बरे. आवाजाची वेळ नमूद नाही.' साहेब संतापाने लाल झाले. माणसाने अर्ज करावा आणि समोरच्याने त्यात चुका काढत बसावं, याला काय माणुसकी म्हणायची? हा प्रश्न त्यांनी बायकोला तीनदा विचारला. तिन्ही वेळा ती दोरा ओवत होती, म्हणून उत्तर देऊ शकली नाही.

असं करत करत गाडी उभी राहिली. टाकीला काळा रंग, सीट चांगली चार इंच जाड गादीची, सायलेन्सर चकचकीत. वेल्डर हात पुसत म्हणाला, "बसून बघा एकदा."

"नोंदणी झाल्याशिवाय?" साहेब दोन पावलं मागे सरले. "नोंदणी न झालेल्या वाहनावर? मी?"

"चालवू नका हो. नुसतं बसा. उंची कळेल."

"उंची कागदावर आहे," साहेब म्हणाले. ज्या माणसाने एकतीस वर्षं कागद आधी आणि पाणी नंतर या क्रमाने काम केलं, तो आता ऐन वेळी आधी बसेल आणि मग कागद करील, असं वेल्डरला वाटलंच कसं? गाडी टेंपोत घालून तपासणीला गेली.

वाहन नोंदणी कचेरीत साहेबांचे जे हाल झाले त्यांचं वर्णन करायला साहेबांनाही शब्द सापडत नसत, आणि तरी ते रोज करत. खिडकीपलीकडच्या कारकुनाने चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे पाहिलं. अर्जात रकाना होता, 'उत्पादक कंपनी'. साहेबांनी त्यात 'स्वतः' लिहिलं होतं.

"कंपनीचा शिक्का कुठाय?"

"कंपनी नाहीच. गाडी मी घरी बनवली."

"मग कंपनी नसल्याचं पत्र जोडा."

"कोणाचं?"

"कंपनीचं."

साहेबांना अंधूक आठवलं की असंच एक पत्र त्यांनीही एका अर्जदाराकडे मागितलं होतं. घर नव्हतं त्याचं, नुसता प्लॉट होता, आणि त्याच्याकडून घरमालकाची संमती हवी होती. पण त्या आठवणीने त्यांना पश्चात्ताप वगैरे झाला नाही. हा माणूस आपली पद्धत चोरतोय, एवढाच राग आला. तीन फेऱ्या झाल्या, प्रत्येक वेळी अर्ज लाल शाईने माखून परत आला, आणि प्रत्येक वेळी साहेब घरी येऊन म्हणत, "माणसाला काही काळीज?"

चौथ्या फेरीला निरीक्षक बाहेर आले. त्यांनी गाडी फिरवून पाहिली, ब्रेक दाबले, टेप लावून लांबी, रुंदी, उंची मोजली आणि प्रमाणपत्रावर लिहिलं, 'आसनाची उंची एकोणतीस इंच'. मग शिक्का मारला. "मापं आता पक्की," ते म्हणाले. "यात काही बदल केलात तर नोंदणी रद्द, आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज."

"असंच पाहिजे," साहेब म्हणाले. त्या क्षणी तरी त्यांना निरीक्षकांबद्दल आदर वाटला.

निवृत्तीला तीन दिवस होते. गाडी घरामागच्या अंगणात उतरली. हेडमास्तर खुर्ची घेऊन आले, डॉक्टरीण हातमोज्यांसकट आल्या, वेल्डर आला, शिंपी दुकान सोडून आले आणि मेहुणाही नेमका टपकला. साहेबांनी नंबरप्लेटवरून रुमाल फिरवला, पाय टाकला आणि आसनावर बसले.

बुटांची टोकं जमिनीला लागली. नुसती टोकं. टाचा हवेत राहिल्या, आणि गाडी एकदा इकडे, एकदा तिकडे कलू लागली. वेल्डरने पुढे होऊन हँडल धरलं म्हणून बरं.

"अंगणाला उतार आहे," साहेब म्हणाले.

गाडी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिथेही तेच. हेडमास्तर भूमितीला जागून लेव्हलची नळी घेऊन आले आणि फरशीवर ठेवून बघितली. नळीतला बुडबुडा बरोबर मध्यभागी जाऊन बसला. मेहुण्याने तोंडावर हात धरला.

"शिंपी!" साहेब कडाडले. "पुढे या! हा शिक्का तुमचा? ही सही तुमची? तीस वर्षं ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला त्याने ऐन वेळी केसाने गळा कापावा? दोन इंच! दोन इंचांनी माणूस तोंडघशी पडतो, शिंपी!"

शिंपी टेपशी चाळा करत उभे राहिले. "साहेब, राग मानू नका. पहिल्या पँटीच्या वेळी मी सत्तावीसच लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, नीट मोजा. मी परत मोजलं, सत्तावीस. तुम्ही म्हणालात, टेप आखडली असेल. मग मी एकोणतीस लिहिलं. तुम्ही म्हणालात, आता कसं! तेव्हापासून तेच लिहितोय."

"थापा मारू नका! मग तीस वर्षं पँटी बरोबर कशा बसल्या?"

यावर शिंप्यांनी वर पाहिलं ते साहेबांकडे नव्हे, त्यांच्या मागे दारात उभ्या असलेल्या बायकोकडे.

"मी दुमडून घेत होते," बायको म्हणाली. "दोन दोन इंच. आल्या दिवशीच."

"प्रत्येक?"

"प्रत्येक."

साहेब गाडीवरून उतरले, म्हणजे वेल्डरने त्यांना उतरवलं, आणि घरात जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. कपाट उघडून एकेक पँट बाहेर काढली. करडी, निळी, लग्नकार्याची काळी. प्रत्येकीच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने बारीक, एकसारखी हातशिलाई होती. बाहेरून एकही टाका दिसू नये इतक्या जपून घातलेली. त्यांना आधी भयंकर राग आला. हा विश्वासघात होता, तोही घरातला, तोही सुईदोऱ्याचा. मग राग कुठे ठेवावा ते कळेना, कारण लग्नकार्याच्या पँटीवर दोरा दोनदा बदललेला दिसला, जुना विरला म्हणून नवा. ते पलंगावर बसले. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले, टाचांसकट. साहेब खाली बघत राहिले, आणि मग त्यांच्या मनात एक भयंकर शंका आली.

"अगं!" त्यांनी दारातूनच हाक मारली. "पलंगाचे पाय?"

बाहेरून थोड्या वेळाने आवाज आला. "सुताराने कापले. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."

त्या रात्री साहेब जेवले नाहीत. म्हणजे भाकरी नको म्हणाले आणि दूध घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको सरळ मुद्द्यावर आली. "सीटची गादी चार इंच आहे. दोन काढून टाकते. तासाभराचं काम."

"कागदावर एकोणतीस आहे."

"कागद बघतंय कोण?"

"मी!" साहेब म्हणाले. "मी बघतोय! एकतीस वर्षं मी दुसरं काही केलेलंच नाही! माप एक आणि कागदावर दुसरं, असल्या माणसाला मी एक थेंब पाणी दिलं नाही, आणि आता स्वतःच्या गाडीच्या बाबतीत तेच करू?" नवा अर्ज करायचा तर सहा महिने, आणि हाताशी दोन दिवस. तसंच जायचं तर त्याच चौकात, त्याच तिन्ही मजल्यांसमोर पुन्हा पडायचं. आणि गेलंच नाही तर मेहुणा जन्मभर तोंड मिटून हसणार. ते तडफडत कचेरीत गेले आणि दिवसभर त्यांनी एकाही अर्जावर काही लिहिलं नाही. लोकांना वाटलं, निवृत्तीने हळवे झालेत.

संध्याकाळी घरी आले तर गॅलरीत गाडी सीटविना उभी होती. आत बायको यंत्रावर बसली होती. तिच्या पुढ्यात सीटचं काळं आवरण उसवलेलं होतं, आणि जमिनीवर गादीचा दोन इंच जाड तुकडा पडला होता. साहेबांच्या हातात प्रमाणपत्राची फाइल होती. ते दारात उभे राहिले. बायकोने मान वर केली नाही, दोरा दातांनी तोडला आणि पुढची शिवण सुरू केली.

ही उघडउघड त्रुटी होती. नजरेसमोर, पुराव्यासह.

साहेबांनी फाइल काखेत मारली, खुर्ची ओढली, भिंतीकडे तोंड करून बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. "मी आत्ताच आलोय," ते भिंतीला म्हणाले. "मी काही पाहिलेलं नाही."

निवृत्तीच्या दिवशी ते निघाले तेव्हा मागे बायको बसली होती. चौकात लाल दिवा लागला. साहेबांनी गाडी थांबवली आणि दोन्ही पाय खाली सोडले. जमीन बरोबर जिथे असायला हवी तिथे होती. टाचांसकट. कचेरीच्या खिडक्या तिन्ही मजल्यांवर भरलेल्या. पायरीवर मेहुणा हार घेऊन उभा होता आणि प्रथमच हसत नव्हता. साहेबांनी मान खाली घालून बूट पाहिले, बुटांवर नीट उतरलेली पँटीची कड पाहिली, तिच्यातले न दिसणारे टाके आठवले आणि नाकाने जोरात श्वास घेतला.

दिवा हिरवा झाला. साहेब हलले नाहीत. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

"थांबा हो!" ते मागे वळून ओरडले. "वर्षभर राबलोय या उभं राहण्यासाठी! जरा उभं तर राहू द्या!"

"अहो, हिरवा होऊन गेला," बायको म्हणाली.

"माहीत आहे."

"मग चला ना. माझे गुडघे अवघडले."

तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं की मघापासून आपल्या दोन्ही बरगड्यांत जे टोचतंय ते तिचे गुडघे आहेत. मागची पायदानं फारच वर बसली होती. त्यांचं माप साहेबांनी घेतलंच नव्हतं. घेतलं असतं तर कोण किती उंच आहे ते शिक्क्यासह कागदावर आलं असतं, म्हणून त्यांनी ती अंदाजाने बसवून टाकली होती. आणि ती घरापासून इथवर तशीच, पाय पोटाशी घेऊन, एक शब्द न बोलता आली होती.

साहेबांनी गाडी गिअरमध्ये टाकली. "उद्या तुझं माप घेऊ," ते पुढे बघत म्हणाले. "खरं."

"बरं."

"आणि त्या शिंप्याकडून नाही!"